पिशवी काढलीय म्हणजे नक्की काय काढलंय? साठीच्या पुढच्या आई-मावशींच्या तपासणीबद्दल

हे मी लिहितेय ते मुलींसाठी, सुनांसाठी, आणि जे मुलगे आईला एसटीत बसवून तालुक्याला डॉक्टरकडे नेतात त्यांच्यासाठीसुद्धा. मी डॉक्टर नाही, देवगड तालुक्यातल्या एका गावात राहते. गेली तीन वर्षं आई आणि मावशी दोघींचे कागद शोधण्यात, तपासण्या करण्यात गेली, त्यात जे कळलं आणि डॉक्टरांना परत परत विचारून पक्कं केलं ते सगळं एका जागी लिहून ठेवतेय.

आधी दोघींचं सांगते म्हणजे पुढचं समजेल. आई ७१ वर्षांची. तिची पिशवी २००३ मध्ये गाठींमुळे काढली. त्यानंतर एका क्लिनिकमध्ये तिला दर वर्षी पॅप तपासणीला (कॅन्सरसाठी आतून पेशींचा नमुना घेऊन बघतात ती) बोलवायचे आणि ती बिचारी दर वर्षी जायची, पैसे भरायची, तपासणीच्या आदल्या रात्री तिला झोप लागायची नाही. मावशी तिच्यापेक्षा तीन वर्षांनी लहान. गावच्या शाळेत कॅन्सर तपासणीचा कॅम्प लागला होता तिथे नर्सबाईंनी विचारलं तर म्हणाली, "माझी पिशवी काढलेली आसा, माका आता काय्येक होवचा नाय." तिथे कोणी पुढचा प्रश्न विचारला नाही आणि तिला परत पाठवलं. दोन वर्षांनी तिच्या परकरावर तांबूस डाग दिसायला लागले. तेव्हा कळलं की तिची पिशवी काढली खरी, पण पिशवीचं तोंड आत तसंच आहे.

म्हणजे जिला गरज नव्हती तिची तपासणी वर्षानुवर्षं चालली आणि जिला गरज होती ती घरी. दोघींचं उत्तर तेच, "पिशवी काढलेली आहे".

आधी हे दोन प्रश्न

तोंड काढलंय का राहिलंय? आणि पिशवी कशासाठी काढली? बाकी सगळं ह्या दोन उत्तरांवर ठरतं.

गर्भाशय एखाद्या उलट्या तांब्यासारखं असतं, खाली निमुळता भाग असतो तेच तोंड, डॉक्टर त्याला सर्व्हिक्स म्हणतात, आणि ते योनीमार्गात उघडतं. गर्भाशयाच्या तोंडाचा कॅन्सर ह्या भागात होतो, त्यामागे बहुतेक वेळा एचपीव्ही नावाचा विषाणू असतो. भारतातल्या बायकांमध्ये स्तनाच्या कॅन्सरनंतर हाच सगळ्यात जास्त आढळतो, २०२२ च्या आंतरराष्ट्रीय अंदाजात वर्षाला सव्वा लाखाच्या वर नवीन केसेस आणि ८० हजाराच्या आसपास मृत्यू. ऑपरेशनमध्ये पूर्ण गर्भाशय तोंडासकट काढलं तर हा कॅन्सर व्हायला जागाच उरत नाही. पण कधी कधी फक्त वरचा भाग काढतात आणि तोंड ठेवतात. बाळंतपणात रक्तस्राव थांबत नाही म्हणून घाईत जीव वाचवायला पिशवी काढावी लागली तर असं करतात, किंवा आधीच्या सिझरमुळे आत सगळं चिकटलेलं असेल तर. मावशीचं तसंच झालं होतं, १९८४ मध्ये धाकट्या मुलीच्या वेळी, मुंबईत. तोंड ठेवलं हे तिला तेव्हा कोणी सांगितलं असेलही, पण सत्तावीस वर्षांची बाई, कडेला तान्हं बाळ, रक्ताच्या बाटल्या चढवलेल्या, तिच्या काय लक्षात राहणार.

कागद शोधा, आणि त्यावर काय वाचायचं

दोन कागद कामाचे. एक डिस्चार्ज कार्ड आणि दुसरा, जो जास्त महत्त्वाचा, तो काढलेली पिशवी तपासायला पाठवतात त्याचा लॅब रिपोर्ट, आपल्याकडे त्याला "तुकड्याचा रिपोर्ट" किंवा बायोप्सी रिपोर्ट म्हणतात.

आईचे कागद पत्र्याच्या ट्रंकेत साड्यांच्या खाली होते, डांबरगोळ्यांच्या वासाचे. डिस्चार्ज कार्ड ओल लागून चिकटलं होतं, शाई पसरलेली, कोकणातल्या पावसात वीस वर्षांचा कागद टिकला हेच खूप. ते मी दोन दिवस वर्तमानपत्रात घालून वाळवलं आणि मग हळूहळू सोडवलं. त्यावर लिहिलेलं होतं टीएएच आणि बीएसओ. हे असे शॉर्टफॉर्मच असतात, तर ते समजून घ्या.

टीएएच म्हणजे पोटावर छेद देऊन पूर्ण गर्भाशय काढलं, तोंडासकट. टीएलएच म्हणजे तेच पण दुर्बिणीतून. व्हीएच किंवा एनडीव्हीएच म्हणजे खालून काढलं, पोटावर टाका नाही. खालून काढताना तोंडही सहसा काढतातच, अंग बाहेर येतं म्हणून ज्या बायकांचं ऑपरेशन झालं त्यातल्या बहुतेकींचं असंच असतं. सबटोटल किंवा सुप्रासर्व्हायकल असा शब्द दिसला तर थांबा, ह्याचा अर्थ तोंड ठेवलेलं आहे. बीएसओ म्हणजे दोन्ही अंडाशय आणि नळ्या काढल्या. इथे पुष्कळांचा गोंधळ होतो, "टोटल" लिहिलंय म्हणजे सगळंच काढलं असं वाटतं, पण टोटल हा शब्द गर्भाशय आणि तोंडापुरताच आहे, अंडाशयांचं वेगळं लिहितात.

तुकड्याच्या रिपोर्टवर सुरुवातीलाच काय पाठवलं ते लिहितात. "युटरस विथ सर्व्हिक्स" असेल तर तोंड निघालं. मग खाली निदान वाचा. फायब्रॉइड, लायोमायोमा, ॲडेनोमायोसिस हे साधे आजार, कॅन्सरचे नाहीत. पण सीआयएन २, सीआयएन ३, एचएसआयएल, एआयएस (ह्या कॅन्सरच्या आधीच्या पायऱ्या), कार्सिनोमा (म्हणजे कॅन्सर) ह्यातलं काही दिसलं तर तो कागद बाजूला काढून ठेवा, डॉक्टरांना पहिला तोच दाखवायचा.

कागद मुंबईला असण्याची शक्यता मोठी आहे हे विसरू नका. आपल्याकडच्या किती बायकांची ऑपरेशनं परळ-लालबागला भावाकडे किंवा दिराकडे राहून झालेली आहेत. गणपतीला चाकरमानी येतात तेव्हा त्यांना आधीच फोन करून माळ्यावरच्या फायली बघायला सांगा.

कागद मिळालाच नाही तर

मावशीचा नाही मिळाला. चाळ पाडून टॉवर झाला त्यात फाईल कुठे गेली कोणालाच माहीत नाही. तरी अडत नाही. स्त्रीरोगतज्ज्ञ आतून तपासतात तेव्हा तोंड आहे का नाही ते त्यांना एक-दोन मिनिटांत दिसतं, सोनोग्राफीतसुद्धा कळतं. फक्त आपण तोंडाने सांगायला हवं, "पिशवी काढलीय पण तोंड ठेवलंय का ते बघून सांगा आणि कागदावर लिहून द्या". लिहून द्या हे मुद्दाम म्हणा, नाहीतर दहा वर्षांनी परत तीच शोधाशोध.

मग कोणाला तपासणी हवी आणि कोणाला नको

तोंड काढलंय, साध्या आजारासाठी काढलंय, आधी कधी सीआयएन २ किंवा त्याच्या पुढचं काही निघालं नव्हतं, आता काही त्रास नाही. अशा बाईला पॅप नको, एचपीव्हीची तपासणी नको. अमेरिकेतल्या प्रतिबंधक तपासण्या ठरवणाऱ्या तज्ज्ञ समितीने २०१८ मध्येही हेच स्पष्ट सांगितलंय. कारण उरतो तो फक्त योनीमार्गाचा कॅन्सर आणि तो फार कमी बायकांना होतो, शंभर निरोगी म्हाताऱ्यांची तपासणी केली तर कॅन्सर सापडण्यापेक्षा वयाच्या कोरडेपणामुळे गोंधळाचे रिपोर्ट येण्याचीच शक्यता जास्त, आणि मग दुर्बीण, तुकडा, घरात रडारड. आईचा रिपोर्ट आम्ही कणकवलीच्या बाईडॉक्टरांना दाखवला, त्यांनी दोनदा वाचला आणि म्हणाल्या, तुमची ही तपासणी बंद. आई बाहेर येऊन बाकावर बसली आणि म्हणाली, इतकी वर्षं उगाच घाबरले गो. मला तेव्हा फार वाईट वाटलं, की हा कागद मी पंधरा वर्षं आधी का नाही शोधला.

तोंड शिल्लक आहे तर ती बाई पिशवी असलेल्या बाईसारखीच धरायची. वरचा भाग गेला म्हणून धोका गेला असं होत नाही. ६५ नंतर तपासणी थांबवता येते पण कधी, तर आधीच्या दहा वर्षांत लागोपाठ तीन पॅप चांगल्या असतील, किंवा पॅप आणि एचपीव्ही एकत्र दोनदा चांगलं आलेलं असेल, आणि शेवटची तपासणी पाच वर्षांच्या आतली असेल. आता सांगा, आपल्या गावात अशा किती जणी? २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशात ३० ते ४९ वयाच्या बायकांपैकी जेमतेम १.९ टक्के बायकांनी आयुष्यात एकदा तरी ही तपासणी केलेली होती. आपल्या आया-मावश्या त्या वयात होत्या तेव्हा तर हे नावही ऐकलं नव्हतं. त्यामुळे कधीच तपासणी झाली नसेल आणि तोंड शाबूत असेल तर ६५ उलटले तरी करून घ्यायची.

आणि तिसरा गट, ज्यांच्या कागदावर ते सीआयएन २, सीआयएन ३ वगैरे निघालं. त्यांची पिशवी तोंडासकट काढली तरी सुटका नाही. तोच विषाणू योनीच्या वरच्या टोकाला, जिथे ऑपरेशनचे टाके असतात तिथे, परत त्रास देऊ शकतो. त्या जागेतून नमुना घेतात त्याला व्हॉल्ट स्मिअर म्हणतात. अमेरिकेतल्या तज्ज्ञांची २०१९ ची पद्धत अशी की उपचारानंतर आधी तीन वर्षं दर वर्षी एचपीव्ही तपासणी, सगळ्या चांगल्या आल्या तर मग दर तीन वर्षांनी, आणि हे कमीत कमी २५ वर्षं, मध्ये वयाची ६५ आली तरी चालूच. ज्यांची पिशवी कॅन्सरसाठीच काढली त्यांनी आपल्या कॅन्सरच्या डॉक्टरांनी दिलेल्या तारखा पाळायच्या, त्यांचं वेळापत्रक वेगळं. एचआयव्ही असेल, किडनी बदललेली असेल, प्रतिकारशक्ती दाबणारी औषधं बरीच वर्षं चालू असतील तर तेही डॉक्टरांना आपणहून सांगा.

डाग दिसला तर वरचं सगळं विसरा

ही सगळी चर्चा ज्यांना काही त्रास नाही त्यांच्यासाठी होती. पाळी गेल्यावर किंवा पिशवी काढल्यावर एकदाही लाल, तांबूस, तपकिरी काही गेलं, वास मारणारं पाणी जायला लागलं, संबंधानंतर रक्त आलं, ओटीपोटात सतत दुखतंय, तर त्याच आठवड्यात आतून तपासून घ्या. वय ८० असो, कागदावर टोटल असो, गेल्या वर्षीची पॅप चांगली असो. नुसती पॅप करून घरी येऊ नका, स्पेक्युलम (योनीमार्ग उघडून बघायचं साधन) घालून सगळीकडून नीट बघणं आणि गरज वाटली तर तुकडा घेणं, हे व्हायला हवं. बहुतेक वेळा कोरडेपणाच निघतो, पण ते डॉक्टरांनी बघून सांगायचं असतं, आपण घरात बसून ठरवायचं नाही.

बायका सांगत नाहीत हीच मोठी अडचण. मावशीने तीन महिने लपवलं. आधी भातलावणी, मग गणपती, मग कापणी. मला कळलं ते वाळत घातलेला परकर घड्या करताना, डाग धुऊनही पुसट राहिला होता. विचारलं तर म्हणाली, "आता ह्या वयात कोणाक काय दाखवतलंय?" तर सुनांनो, मुलींनो, थेट विचारा. "अंगावरून काही जातं का" असं साधं विचारलं की बायका बोलतात, कॅन्सर हा शब्द आधी काढू नका.

कुठे जायचं

गावातल्या आशाताईंना सांगा. तीस वर्षांवरच्यांचा त्या सीबॅक फॉर्म भरतात, त्यात अंगावरून जाण्याबद्दल, पाळी गेल्यावर रक्त जाण्याबद्दल प्रश्न असतात, तिथे खरं उत्तर द्या आणि "पिशवी काढलीय पण तोंडाचं माहीत नाही" हे सुद्धा सांगा. सरकारी कार्यक्रमात ३० ते ६५ वयाच्या बायकांची तपासणी असते, आणि ती बहुतेक व्हीआयए पद्धतीची, म्हणजे व्हिनेगरसारखं पाणी लावून तोंड पांढरं होतं का बघायचं. पाळी जाऊन बरीच वर्षं झाली की ज्या भागात हा आजार सुरू होतो तो भाग आत सरकतो, वरून दिसत नाही, म्हणून आपल्या वयस्कर बायकांना व्हीआयए तितकीशी उपयोगाची नाही. पॅप किंवा एचपीव्ही मागायची. वय ६५ च्या पुढे म्हणून कॅम्पात नाव घेतलं नाही तर भांडत बसू नका, सरळ स्त्रीरोगतज्ज्ञांकडे जा.

सिंधुदुर्गात ओरोसचं जिल्हा रुग्णालय आणि तिथलं सरकारी मेडिकल कॉलेज, कणकवली आणि सावंतवाडीची उपजिल्हा रुग्णालयं आहेत. रत्नागिरीकरांना जिल्हा रुग्णालय आहे, आणि चिपळूणकडच्यांना सावर्ड्याजवळ डेरवणचं वालावलकर रुग्णालय, तिथे कॅन्सरवरचे उपचार होतात. रायगडात अलिबाग. सावंतवाडी-दोडामार्गच्या लोकांना गोव्याचं बांबोळी जवळ पडतं. पुढे लागलं तर परळचं टाटा. निघायच्या आधी फोन करून विचारा की आज स्त्रीरोग विभागाची ओपीडी आहे का आणि पॅपचा नमुना घेतात का, नाहीतर उन्हातान्हात म्हाताऱ्या माणसाची फेरी फुकट.

तपासणीच्या दिवशी

दोन दिवस आधीपासून आत कुठलंही क्रीम, गोळी नको, आतून धुवायचं नाही, संबंध नको. ताप किंवा जोरात जळजळ असेल तर तारीख पुढे घ्या. पण रक्त जातंय म्हणून तारीख पुढे ढकलू नका, ह्या वयात ते रक्त हेच तर दाखवायचं असतं.

साडी-परकर नेसून जाऊ द्या, वर सरकवलं की काम होतं, सलवार असेल तर पूर्ण काढावी लागते आणि तिथेच बायका संकोचतात. टेबलावर जायच्या आधी लघवीला जाऊन यायचं. बाईडॉक्टर हव्या असतील तर नंबर लावतानाच सांगा. गुडघे आणि कंबर दुखणाऱ्या बायकांना पाय फाकवून उताणं झोपणं फार त्रासाचं होतं, मावशीला तर ते जमलंच नाही. कुशीवर झोपवूनही तपासता येतं, फक्त विचारावं लागतं. तसंच "लहान स्पेक्युलम वापरा, आत कोरडं आहे" हे स्पष्ट सांगा. स्पेक्युलम आत घालून मार्ग थोडा उघडतात, मग छोट्या ब्रशने किंवा लाकडी पट्टीने नमुना घेतात. दुखण्यापेक्षा ताणल्यासारखं वाटतं, पाचेक मिनिटांत होऊन जातं. तोंडाने हळूहळू श्वास सोडायला सांगा, दुखलं तर थांबा म्हणायचा तिला पूर्ण हक्क आहे. नंतर एखादा थेंब डाग पडू शकतो म्हणून सोबत एक पॅड ठेवा.

जमलं तर तुम्ही आत तिच्या डोक्याशी उभ्या राहा. मी मावशीचा हात धरून उभी होते, तिच्या बांगड्या माझ्या मनगटात रुतत होत्या.

रिपोर्ट आल्यावर

एनआयएलएम लिहिलं असेल तर चांगलं आहे. ॲट्रॉफी किंवा ॲट्रॉफिक म्हणजे पाळी गेल्यावरचा कोरडेपणा, कॅन्सर नाही. अनसॅटिस्फॅक्टरी म्हणजे नमुना नीट आला नाही, परत द्यायचा. एस्कस म्हणजे पेशी थोड्या वेगळ्या दिसल्या पण नक्की सांगता येत नाही, म्हाताऱ्या बायकांत कोरडेपणामुळे हे बऱ्याचदा येतं. डॉक्टर काही आठवडे आत लावायचं इस्ट्रोजेनचं क्रीम देऊन परत तपासणी करू शकतात, मात्र स्तनाचा कॅन्सर होऊन गेला असेल तर क्रीम घ्यायच्या आधी तसं सांगा. एचएसआयएल आलं तर कॉल्पोस्कोपी, म्हणजे मोठं करून दाखवणाऱ्या दुर्बिणीने बघणं आणि तुकडा घेणं, ह्यात उशीर नको.

एचपीव्ही पॉझिटिव्ह म्हणजे कॅन्सर नव्हे, विषाणू आहे इतकंच. आणि हे मला मुद्दाम लिहायचंय, हा विषाणू अंगात वर्षानुवर्षं गप्प पडून राहू शकतो. वीस वर्षं विधवा असलेल्या बाईचा रिपोर्ट पॉझिटिव्ह येऊ शकतो. त्यावरून कोणी कोणाच्या चारित्र्याबद्दल एक अक्षर बोलायचं नाही, घरात तसं कोणी बोललं तर तिथल्या तिथे गप्प करा.

मावशीचा तुकडा सीआयएन ३ निघाला. म्हणजे कॅन्सरच्या आधीची पायरी. लीप म्हणून एक छोटी प्रक्रिया असते, तारेच्या कडीने तेवढा खराब भाग काढतात, तिची तशी केली आणि संध्याकाळी घरी आणली. सहा महिन्यांनी केलेली एचपीव्ही निगेटिव्ह आली. ती आता वर सांगितलेल्या तिसऱ्या गटात, तिच्या तारखा चालू राहणार.

पॅपमध्ये जे दिसत नाही ते

अंडाशय ठेवलेले असतील तर त्यांचा कॅन्सर पॅपमध्ये कळत नाही, आणि त्रास नसलेल्या बायकांसाठी त्याची भरवशाची चाळणी तपासणी अजून नाही. पोट सतत फुगलेलं, दोन घास खाल्ले की भरल्यासारखं, वारंवार लघवी, असं काही आठवडे चाललं तर दाखवा, प्रत्येक वेळी गॅस म्हणून ओव्याचं पाणी देऊ नका. स्तनांची आणि तोंडाची (इथे खायचं तोंड, पिशवीचं नव्हे) तपासणी चालूच ठेवायची, मिश्री लावणाऱ्या बायकांची तर नक्की. एचपीव्हीची लस ह्या वयात उपयोगाची नाही, ती ९ ते १४ वयाच्या नातींना द्या.

पैसे आणि कागद

उपचाराची वेळ आलीच तर महात्मा फुले जन आरोग्य योजनेत कॅन्सरचे उपचार बसतात, वर्षाला कुटुंबामागे ५ लाखांपर्यंत, योजनेतल्या रुग्णालयात. ७० वर्षांवरच्यांसाठी २०२४ पासून आयुष्मान वय वंदना कार्ड मिळतं, आधार घेऊन जा आणि आजारी पडायच्या आधीच काढून ठेवा. साध्या पॅपचे पैसे बाहेर आपल्यालाच भरावे लागतात, आधी किंमत विचारा.

कागदांचे मोबाईलवर फोटो काढा आणि मुंबईच्या एका माणसाला पाठवून ठेवा. शिवाय मी एक जाड पुठ्ठा घेऊन त्यावर देवनागरीत लिहिलंय: ऑपरेशनचं वर्ष आणि गाव, कशासाठी केलं, तोंड आहे का नाही, अंडाशय आहेत का नाहीत, शेवटची तपासणी कधी आणि काय आलं, पुढची कधी. प्लास्टिकच्या पिशवीत घालून रेशनकार्डाबरोबर ठेवलाय. आईच्या पुठ्ठ्यावर पुढच्या तारखेच्या जागी "नको, पण डाग दिसला तर लगेच" असं आहे. मावशीच्या पुठ्ठ्यावर डिसेंबरचा पहिला आठवडा, भाताची झोडणी आटपलेली असते आणि आंब्याची गडबड सुरू व्हायची असते, म्हणून तिनेच तो निवडला.